माशांचं ताट वाढणारा शास्त्रज्ञ

बालमित्रांनो, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. नदीतल्या माशाला जेवायला कोण वाढतं?

हसू आलं ना? नदीतल्या माशाला कुणी कशाला वाढेल! भूक लागली की तो आपलं आपण शोधतो. आज शेवाळ, उद्या पाण्यातली अळी, परवा काठच्या झाडावरून पडलेलं उंबर. एका जागी नाही मिळालं तर पुढच्या डोहात जातो. आपल्या शरीराला काय काय लागतं, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. पण नदी एवढी मोठी असते, तिच्यात इतक्या परींचं खाणं असतं, की बहुतेक वेळा सगळं आपोआप जमून जातं.

आता दुसरा प्रश्न. हाच मासा आपण आणून टाकीत ठेवला तर?

आता उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, हो की नाही? टाकीतल्या माशाला दुसरा डोह नाही. आपण जे टाकू तेच त्याचं अन्न. एखादी गोष्ट आपल्या हातून राहिली, तर ती त्याला कुठूनच मिळणार नाही. आणि बिचाऱ्याला बोलून दाखवताही येणार नाही.

आज तुम्हाला अशा एका शास्त्रज्ञांची ओळख करून देणार आहे, ज्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवलं. त्यांचं नाव डॉ. जॉन हॅल्व्हर.

पण त्याआधी मी कोण ते सांगते. मी उजनीच्या जलाशयाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी जाळी आहेत, होड्या आहेत. माशांबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं! कोणता मासा कुठल्या पाण्यात बसतो, कुठल्या महिन्यात अंडी घालतो, हे ती मला सांगतात आणि मी त्यांना भागाकार शिकवते. असा आमचा सौदा आहे.

आमच्या घरी शेततळं आहे. माझ्या धाकट्या दिरांनी त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे तिघे एका तळ्यात राहतात आणि एकमेकांच्या ताटात फारसा हात घालत नाहीत! त्यांना रोज शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालतात.

एक दिवस वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने मला विचारलं, "बाई, धरणातल्या माशांना कुणी पेंड घालत नाही. तरी ते वाढतात. मग तुमच्याच माशांचे एवढे लाड का?"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण प्रश्न खरंच चांगला होता. त्याचं पूर्ण उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता पोहोचले थेट अमेरिकेत, कोलंबिया नदीच्या काठी.

ही नदी अमेरिकेच्या वायव्य भागातून वाहते आणि प्रशांत महासागराला मिळते. तिच्यात सामन नावाचे मासे येतात. सामनचं आयुष्य मोठं नवलाचं असतं. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायच्या वेळी पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत, प्रवाहाच्या उलट पोहत येतो. कोलंबियातले सामन अंडी घालून झाली की तिथेच मरतात. त्यातला सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे चिनूक सामन.

पुढे या नदीवर धरणं झाली. 1938 साली बोनविल धरण सुरू झालं. तिथे माशांना चढून जाण्यासाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या होत्या. पण 1942 साली पूर्ण झालेलं ग्रँड कूली धरण होतं 168 मीटर उंच! तिथे पायऱ्याच नव्हत्या. वरच्या अंगाला जाणाऱ्या सामनची वाट कायमची बंद झाली.

धरणामुळे वीज आली, शेतीला पाणी आलं. आपल्या उजनीचंही तसंच आहे, तेव्हा धरणाला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. पण माशांचं जे नुकसान झालं, ते थोडं तरी भरून निघावं म्हणून तिथल्या सरकारने मत्स्यबीज केंद्रं काढली. माशांची अंडी गोळा करायची, ती टाक्यांत उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि नदीत सोडायची.

आणि इथे तो आपला दुसरा प्रश्न उभा राहिला. या लाखो पिल्लांना घालायचं काय?

त्या काळी केंद्रांवर काय घालत असतील, सांगा पाहू? कत्तलखान्यातून आणलेली कलेजी, प्लीहा, घोड्याचं मांस, माशांचीच उरलीसुरली आतडी. हे सगळं दळायचं आणि टाकीत टाकायचं. पिल्लं खायची. पण मधूनच टाकीच्या टाकी आजारी पडायची. कधी पिल्लं वाढेनाशी व्हायची, कधी फिकट पडायची, कधी त्यांचे कल्ले सुजायचे. पोट तर भरलेलं असायचं! मग कमी काय पडत होतं?

हे शोधण्यासाठी कोलंबियाच्या काठी कुक नावाच्या छोट्या गावात एक प्रयोगशाळा उभी राहिली. माशांच्या आहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा. 1950 च्या सुमारास तिची सूत्रं एका तरुण माणसाच्या हाती आली. तेच आपले जॉन हॅल्व्हर.

हॅल्व्हर त्याच मुलखातले. 1922 साली वॉशिंग्टन राज्यातल्या वुडिनव्हिल गावी त्यांचा जन्म झाला. (हे वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे बरं का! ते वेगळं, दुसऱ्या टोकाला.) ते रसायनशास्त्र शिकले. मध्येच दुसरं महायुद्ध आलं, तेव्हा सैन्यात गेले. परत येऊन पुन्हा शिकले. 1953 साली त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, म्हणजे सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक घडामोडींच्या शास्त्रात. पाहा हं, ते काही मासेमार नव्हते. पण रसायनाचा अभ्यास करणाऱ्याला मापाची सवय असते. किती घातलं, किती उरलं, किती वाढलं, सगळं लिहून ठेवायचं. हीच सवय तिथे कामाला आली.

त्यांची युक्ती तुम्हालाही सहज समजेल. समजा, आईने केलेली आमटी फार छान झाली आहे आणि तिची चव नक्की कशामुळे येते, हे तुम्हाला शोधायचं आहे. काय कराल? एक दिवस सगळं घालून मीठ वगळायचं. दुसऱ्या दिवशी मीठ घालून चिंच वगळायची. तिसऱ्या दिवशी गूळ वगळायचा. दर वेळी एकच गोष्ट वगळायची, बाकी काही बदलायचं नाही. (आईला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका. बाबांना बिनमिठाची आमटी मिळाली तर माझं नाव सांगू नका!)

हॅल्व्हरनी हेच केलं. पण त्यात एक अडचण होती. कलेजीतून एकच जीवनसत्त्व काढून कसं घेणार? कलेजीत सगळंच एकत्र असतं. म्हणून त्यांनी कलेजी बाजूला ठेवली आणि माशांचं जेवण अगदी पहिल्यापासून, एकेक शुद्ध पदार्थ घेऊन तयार केलं. दुधातून काढलेलं केसीन हे प्रथिन घेतलं. दूध नासलं की जो चोथा वेगळा होतो ना, त्यात मुख्य तेच असतं. त्यात जिलेटिन, पिष्टापासून केलेलं डेक्स्ट्रिन, तेल, क्षार घातले आणि शेवटी एकेक जीवनसत्त्व वेगवेगळं तोलून घातलं. आता ताट पूर्ण त्यांच्या हातात होतं. हवं ते घालता येत होतं आणि हवं ते वगळता येत होतं.

मग सारख्या टाक्या, सारखं पाणी, सारख्या वयाची चिनूक पिल्लं. एका टाकीला पूर्ण ताट. दुसऱ्या टाकीच्या ताटात ब1 जीवनसत्त्व नाही. तिसऱ्या टाकीत ब2 नाही. असं करत करत पुढे जायचं, आठवडेच्या आठवडे वजनं करायची आणि टिपून ठेवायचं.

ब1 नसलेल्या टाकीतले मासे तोल सांभाळू शकेनात. त्यांना झटके यायला लागले. ब2 नसेल तर माशांच्या डोळ्यांत सारा पडल्यासारखं व्हायचं. पँटोथेनिक आम्ल नावाचं जीवनसत्त्व वगळलं, तर कल्ले सुजून एकमेकांना चिकटायचे आणि माशाला श्वास घेणं कठीण व्हायचं. केंद्रांवरचे काही आजार मुळात भुकेचे होते, हे आता स्पष्ट दिसू लागलं. पोटाची भूक नव्हे. पोट भरलेलं असूनही आत राहून गेलेली भूक.

1957 साली चिनूक सामनला पाण्यात विरघळणारी कोणकोणती जीवनसत्त्वं लागतात, याचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास एडविन मर्ट्झ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आणखी एक शोध लावला. प्रथिनं ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. त्यातले 10 मणी चिनूक माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, ते अन्नातूनच मिळावे लागतात. त्यातला एक जरी कमी पडला तरी वाढ खुंटते. आपल्या शरीराचंही बरंचसं असंच आहे. म्हणून तर आजी डाळ आणि तांदूळ एकत्र शिजवते. एकात जो मणी कमी, तो दुसऱ्यात भरपूर असतो. हेच मर्ट्झ पुढे 1964 साली मक्याच्या एका खास वाणातलं लायसिन नावाचं अमिनो आम्ल शोधून प्रसिद्ध झाले. माशांच्या ताटाचा अभ्यास माणसांच्या ताटापासून फार लांब नसतो, तो असा.

आणखी एक गंमत सांगते. चिनूकला प्रथिनं किती लागतात हेही त्यांनी मोजलं. पाणी सुमारे 8 अंश सेल्सियस असताना खाद्यात 40 टक्के प्रथिन पुरलं. पाणी 14 अंशांवर गेलं तेव्हा 55 टक्के लागलं. मासा तोच, फक्त पाण्याची ऊब बदलली, तर ताटही बदललं!

त्याच 1957 साली आपल्या देशातही एक मोठी गोष्ट घडली. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात अंडी घालत नसत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागे. मग मत्स्यशेती करणाऱ्याने पिल्लं आणायची कुठून? नदीतून धरून. त्यात नको त्या माशांचीही पिल्लं यायची. डॉ. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून ओडिशातल्या अंगुल इथे या माशांची पैदास करून दाखवली. तारीख होती 10 जुलै 1957. म्हणून आपल्याकडे 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आज आमच्या तळ्यात सोडायला जी बोटुकली येते, ती त्या शोधामुळे. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. किती गोड शब्द आहे ना!

म्हणजे इकडे पिल्लं कशी मिळवायची हे कळलं आणि तिकडे पिल्लांना काय घालायचं हे कळत होतं. मत्स्यशेतीची ही दोन चाकं. आज त्या गाडीने किती मजल मारली आहे, माहीत आहे? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या अहवालानुसार 2022 साली जगात मासे, कोळंबी वगैरे पाण्यातल्या प्राण्यांचं जे उत्पादन झालं, त्यातलं 51 टक्के पाळलेलं होतं. समुद्रात आणि नदीत पकडलेल्यापेक्षा पाळलेलं जास्त. असं पहिल्यांदाच घडलं. आणि पाळणं म्हणजे ताट वाढण्याची जबाबदारी घेणं.

आता हॅल्व्हर यांच्या कामातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या आईबाबांनीही वाचाव्यात.

पहिली गोष्ट वाकड्या पाठीच्या माशांची. केंद्रांवर काही माशांचा कणा वाकायचा. कधी बाजूला, कधी आतल्या अंगाला. 1969 साली हॅल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्राउट आणि कोहो सामन या माशांच्या खाद्यात क जीवनसत्त्व नसेल तर कणा असा वाकतो. हाडांना धरून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन या जीवनसत्त्वाशिवाय नीट बनत नाही. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. कुत्रा, गाय, शेळी यांना लिंबू खावं लागत नाही. पण माणसाला ते बनवता येत नाही, गिनीपिगला येत नाही आणि या माशांनाही येत नाही. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रात राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते याच कारणाने.

यात आणखी एक गोम होती. हे जीवनसत्त्व फार हळवं. खाद्याच्या गोळ्या करताना उष्णतेने उडतं, पोती ठेवून दिली की हवेने कमी होतं. कागदावर हिशेब बरोबर आणि माशाच्या तोंडी मात्र काही नाही! म्हणून साठवणीत टिकेल असं त्याचं रूप शोधण्याच्या मागे हॅल्व्हर लागले. ताटात वाढलं एवढ्यावर ते थांबले नाहीत. वाढलेलं पोहोचलं का, हेही त्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 1960 साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांवरच्या ट्राउट माशांच्या यकृतात गाठी दिसायला लागल्या. तो कर्करोग होता. एका माशाला नव्हे, टाक्याच्या टाक्यांना! पाणी खराब होतं का? काही जंतू होते का? हळूहळू एक गोष्ट नजरेत भरली. जिथे नवं कोरडं गोळीखाद्य घातलं जात होतं, तिथे हा रोग होता.

त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या कोंबडीसारख्या पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं मेली. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्या पेंडीला बुरशी लागलेली होती. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची ती बुरशी. तिच्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन.

मग माशांच्या खाद्यात हे विष कुठून आलं? हॅल्व्हर आणि त्यांचे सहकारी, ऑरेगॉन स्टेट विद्यापीठातले रसेल सिन्हूबर यांच्यासारखे शास्त्रज्ञ, सगळे या शोधात गुंतले. शेवटी चोर सापडला. खाद्यात सरकीची पेंड होती आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन होतं. किती, तर खाद्याचे एक अब्ज भाग केले तर त्यातले मोजके काही भाग! डोळ्यांना दिसणार नाही, जिभेला कळणार नाही, एवढं. पण इंद्रधनुषी ट्राउट हा मासा या विषाला इतका नाजूक, की महिनोन्महिने तेवढंच पोटात गेलं तरी त्याला कर्करोग व्हायचा. माशांनी आपला जीव देऊन माणसांना एक धोका दाखवून दिला. आज अफ्लाटॉक्सिन हे माणसातही यकृताचा कर्करोग घडवणारं विष म्हणून जगभर मान्य झालं आहे.

हे सगळं दूरदेशीचं आहे, असं वाटतं? 1974 साली आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये आणि राजस्थानात अवकाळी पावसाने मका भिजला. गरिबांच्या घरात तोच मका होता, तोच खाल्ला गेला. जवळजवळ 400 माणसं कावीळ होऊन आजारी पडली आणि त्यातली 106 दगावली. त्या मक्यात हेच विष सापडलं.

गेल्या पावसाळ्यातली आमच्या घरची गोष्ट. शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत पाणी गळलं आणि पेंडीची बारा पोती भिजली. चार दिवसांनी उघडली तर आत हिरवट पिवळी बुरशी. माझे दीर म्हणाले, "उन्हात वाळवली की झालं. वरची बुरशी झटकून टाकू."

मी म्हटलं, "भाऊजी, ही बुरशी झटकून विष जात नाही. शिजवूनसुद्धा जात नाही."

"वहिनी, तुमचे ते ट्राउट नाजूक. आपला रोहू कणखर असतो."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. सगळे मासे ट्राउटइतके नाजूक नसतात. शिवाय त्या पेंडीत विष होतंच, असंही मला सांगता येत नव्हतं. बुरशी लागली म्हणजे दर वेळी विष तयार होतंच असं नाही, आणि ते आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. बारा पोत्यांचे पैसे मात्र डोळ्यांसमोर दिसत होते. बँकेचा हप्ता जवळ आला होता. मी गप्प बसले.

मग दीर म्हणाले, "बरं, माशांना नको. म्हशीला घालू."

आता मात्र मला बोलावंच लागलं. गाईम्हशींच्या पोटात हे विष गेलं, तर त्याचा काही भाग दुधात उतरतो. मी तेवढंच सांगितलं. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच दिराला सांगितलं, "म्हशीला घालणार असलास, तर पोरांचं दूध उद्यापासून विकत आण."

दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बांधाच्या कडेला खड्डा खणला आणि बाराही पोती पुरली. दुसऱ्या दिवशी खोलीचा पत्रा बदलला आणि खाली लाकडी फळ्या टाकल्या. आता पोती जमिनीवर ठेवत नाहीत. त्या महिन्याचा हप्ता उशिरा गेला. पण त्याबद्दल ते मला एकदाही बोलले नाहीत.

आता माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी काय उत्तर दिलं ते सांगते. धरणातला मासा फिरून खातो. आमच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे, चारी बाजूंनी बांध आहे. तळ्यात आम्ही शेण घालतो, त्यावर हिरवं बारीक शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात. तेवढं खाणं तळं स्वतः देतं. पण एवढ्या लहान जागेत एवढे मासे म्हटल्यावर ते पुरत नाही. म्हणून उरलेलं आपण द्यायचं. ते लाड नव्हेत. आपण त्यांची नदी काढून घेतली, म्हणून ते देणं लागतो.

तिने लगेच विचारलं, "म्हणजे शाळेतल्या खिचडीसारखं?"

मुलं काय बोलतील, नेम नाही! पण मला ते पटलं. 1995 साली शालेय पोषण आहार सुरू झाला. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचो. आता शाळेतच शिजवून वाढतात. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची, असा नियम आहे. मी रोज पहिला घास खाते. पण चवीने सगळं कळत नाही, हे हॅल्व्हरनी मला शिकवलं. म्हणून आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि मी शनिवारी डबे उघडून बसतो. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले शेंगदाणे वेगळे काढतो आणि फेकून देतो. धान्य कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवतो. चौथीची मुलं डब्यावर तारीख लिहितात.

डॉ. हॅल्व्हर कुकच्या प्रयोगशाळेत पंचवीसेक वर्षं राहिले. नंतर वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी शिकवलं. 1972 साली त्यांनी माशांच्या आहारावरचा एक मोठा ग्रंथ संपादित केला. 1978 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. 2012 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले. आज माशांच्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिनं इतके टक्के, स्निग्ध पदार्थ इतके टक्के असं छापलेलं असतं ना, त्या आकड्यांमागे त्यांच्यासारख्यांनी टाकीशेजारी बसून केलेली वजनं आहेत. मुंबईत वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथेही मासे काय खातात, किती खातात याचा अभ्यास चालतो. तुमच्यापैकी कुणाला गणित आवडत असेल, पाण्याशी खेळायला आवडत असेल आणि एकच गोष्ट रोज न कंटाळता मोजायची तयारी असेल, तर मोठेपणी तिकडचा विचार जरूर करा.

तोवर एक छोटा प्रयोग देते. भाकरीचे दोन तुकडे घ्या. एक खडखडीत वाळवा, दुसरा पाण्याने ओला करा. दोन वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडं घट्ट बांधा. रोज एकाच वेळी बाहेरूनच पाहा आणि वहीत लिहा. किती दिवसांनी बुरशी दिसली? कुठल्या तुकड्यावर? रंग कोणता? पिशवी उघडू नका, वास घेऊ नका. प्रयोग संपला की पिशवीसकट टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.

नोंदी झाल्या की एखाद्या शनिवारी आईबरोबर घरातला शेंगदाण्याचा डबा उघडा आणि दाणे निवडा. किती वाईट निघाले ते मोजा. आमच्या वर्गाने पहिल्या शनिवारी एका किलोत 43 काढले होते. तुमचा आकडा मला पत्राने कळवा.